कान दुखतले, पण सवय होतली?

सकाळपासून एकच रील मला चार जणांनी पाठवली. एक पोरगा डोकं खाली, पाय वर करून दोरीच्या कडेने सुळकन पाण्यात जातो, तळाची वाळू मुठीत घेतो आणि वर येतो. वर आल्यावर मास्क काढतो तर नाकातून रक्त. होडीतले मित्र टाळ्या वाजवतायत. खाली कमेंट, 'आता झालंस पाणबुडो.'

मी ती रील शेअर करणार नाही. पण तिच्याबद्दल लिहिणार आहे, कारण पावसाळा सरला, मालवण-तारकर्लीत होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, आणि यंदा स्कुबाच्या जोडीला 'फ्रीडायव्हिंग शिका' अशा पाट्या दिसायला लागल्यात. सिलिंडर नाही, नळी नाही, एका दमात खाली जायचं आणि वर यायचं. प्रकार सुंदर आहे, मला त्याचं वावडं नाही. माझं भांडण तो ज्या पद्धतीने शिकवला जातो, तिच्याशी आहे.

माझा भाचा 19 वर्षांचा. गेल्या हंगामात त्याने असाच शिकायला सुरुवात केली. पोहायला पट्टीचा, दम भरपूर. तिसऱ्या दिवशी चार-पाच मीटरवर कान दुखायला लागला. वर येऊन सांगितलं तर शिकवणारा म्हणाला, "घाबरतंस कित्याक? कान दुखतलेच. नाक धर आणि जोरात फुंक, सवय होतली." पोरगं पुन्हा खाली गेलं आणि जीव खाऊन फुंकलं. कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि आजूबाजूचं पाणी गरगर फिरायला लागलं. वर कुठे, खाली कुठे कळेना. दोरी हातात होती म्हणून वर आला.

घरी आल्यावर आमच्या आईने लसूण घालून तेल गरम केलं. नशीब, मी ते कानात घालू दिलं नाही. पडदा फाटलेला असेल तर तेल, थेंब, पाणी काही म्हणजे काही आत जाता कामा नये. पण माझीही चूक झाली. 'दोन दिवसांत बरं होईल' म्हणून आम्ही थांबलो. पाचव्या दिवशी गोव्याला नेला. तिथले डॉक्टर म्हणाले, पडदा भरून येईल, पण मार आतल्या कानालाही बसलाय, त्याच दिवशी यायला हवं होतं. पडदा भरला. डाव्या कानातली शिट्टी आजही थांबलेली नाही, आणि त्या कानाने बारीक आवाज ऐकू येत नाहीत. या पोराला बोटीवर नोकरीला जायचं होतं. तिथल्या वैद्यकीय तपासणीत कान तपासतात.

त्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सुटतात. मी गेले काही महिने जिथे जिथे विचारत फिरलो, तिथे मला एकच वाक्य ऐकवलं गेलं: "आम्ही खोल नेतच नाही, पाच-सहा मीटर फक्त."

हेच वाक्य चुकीचं आहे.

आंबोली घाट उतरताना कान बंद होतात, आवंढा गिळला की टक् करून सुटतात, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. तो अख्खा घाट उतरताना कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा समुद्रात एका मीटरच्या आतच वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे कानातल्या हवेची जागा निम्मी. पुढच्या दहा मीटरमध्ये ती निम्म्याची फक्त एक तृतीयांश होते. म्हणजे सगळ्यात मोठी उलथापालथ पहिल्या दहा मीटरमध्येच आहे. कानाचा पडदा दोन-तीन मीटरवरही फाटू शकतो. पाच-सहा मीटर हा सुरक्षित पट्टा नाही, कान जायचा पट्टाच तो आहे.

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते, युस्टेशियन नळी. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. खाली जाताना तिच्यातून हवा कानात पोचवत राहावी लागते, आणि ती कान दुखायच्या आधी. दुखेपर्यंत थांबलात तर बाहेरच्या दाबाने नळीचं तोंडच दाबून बसतं. मग कितीही फुंका, उघडत नाही. तेव्हा वर यायचं, दुसरा उपाय नाही. जोर लावलात तर तो जोर आतल्या कानाच्या नाजूक पडद्यावर जातो. माझ्या भाच्याचं हेच झालं.

आणि हे 'नाक धरून फुंक' प्रकरण काय आहे तेही सांगतो. ते वालसाल्वा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1704 मध्ये लिहून ठेवलं, कानातला पू बाहेर काढायला! छाती-पोटाचा जोर लावून फुंकायची ही रीत डोकं खाली असताना नीट चालत नाही. म्हणून जगभर फ्रीडायव्हर फ्रेंझेलची पद्धत शिकतात: घसा बंद ठेवून जिभेने पंपासारखी हवा मागे ढकलायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना शिकवलेली युक्ती. ती घरात खुर्चीवर बसून, आरशासमोर शिकता येते. पण कोरड्यावर बसून शिकवण्यात रील कुठे मिळते?

स्कुबात निदान थांबायला वेळ असतो. कान सुटेपर्यंत दोरी धरून राहा, सिलिंडर आहे. इथे दम मोजका, त्यामुळे माणूस दुखणं गिळून पुढे सरकतो. म्हणून तर नवख्याला आधी पाय खाली ठेवून, दोरी ओढत, हळूहळू उतरवायला हवं. पहिल्याच दिवशी डोकं खाली करून सोडायचं नाही.

आता सर्दी. चवथ संपली की अर्ध्या जिल्ह्याचं नाक गळत असतं. केंद्रावरचा फॉर्म मी पाहिला. नाव, आधार, पोहता येतं का, आणि 'सर्व जबाबदारी माझी' खाली सही. सर्दी आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हा प्रश्नच नाही. वर सल्ला काय? मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब घ्या. थेंबाने खाली जाल हो. पण त्याचा असर मधेच उतरला तर सायनसमध्ये किंवा कानात कोंडलेल्या हवेला वर येताना वाट मिळत नाही. आणि एका दमात गेलेल्या माणसाला वर तर यावंच लागतं. कपाळात सुरी घुसल्यासारखं दुखतं म्हणतात, आणि मग मास्कमध्ये ते रक्त. ज्याला टाळ्या पडतात.

"आमचे आजे कालवां काढायचे, त्यांना कोणी शिकवलं?" हा प्रश्न मला दहा वेळा विचारलाय. उत्तर त्या आज्यांच्या शेजारी बसून मिळेल. माझ्या ओळखीचे दोघे आहेत. दोघांशीही ओरडून बोलावं लागतं.

"तू आमच्या पोटावर पाय देतोस" हेही ऐकून झालंय. बाबांनो, या धंद्यावर माझ्या घरातली दोन माणसं जगतात. मी बंद करा म्हणत नाही. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्था आपल्या दारात आहे, शिकून या. फॉर्मवर सर्दीचा प्रश्न घाला. ज्याला सर्दी आहे त्याला पैसे परत द्या किंवा पुढची तारीख द्या. पैसे बुडणार म्हटलं की पर्यटक सर्दी लपवतो, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि कान दुखला म्हणून वर आलेल्या पोराला हसू नका.

प्रशासनालाही विचारायचंय. लाइफ जॅकेट मोजता, होडीचा परवाना बघता, चांगलं आहे. शिकवणाऱ्याला कान म्हणजे काय ते कळतं का, हे कोण बघतं?

ज्या केंद्राच्या पाटीवर 'सर्दी असल्यास पैसे परत' लिहिलेलं दिसेल, तिचा फोटो मला इनबॉक्स करा. नाव, गाव, फोन नंबरसकट इथे टाकतो, एक पैसा न घेता. आणि ज्यांच्या कानात बुडी मारल्यापासून शिट्टी वाजतेय, गरगरतंय किंवा ऐकू कमी येतंय, त्यांनी कमेंट करत बसू नका. आजच कानाच्या डॉक्टरकडे जा.