फुकटच्या कारभाराचा हिशेब

आम्हा बीडकरांची घराविषयीची कल्पना अगदी अलीकडेपर्यंत प्लॉट, त्यावरील चार खोल्या आणि दारातला बोअर एवढ्यातच सामावलेली होती. त्यामुळे बार्शी रोड, नगर रोड या बाजूंना सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा जिना, टाकी, लिफ्ट आणि गच्ची यांचा सामाईक कारभार पाहणे हे आपलेच काम आहे, ही जाणीव चाव्यांबरोबर कोणाच्याही हाती पडली नाही. ती जागा पुढे एका विलक्षण युक्तिवादाने भरून काढली.

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीवरचे गृहस्थ पगार घेत नाहीत, टँकरसाठी भर उन्हात फोन करीत बसतात, मोटार जळाली तर मेस्त्रीच्या दारी खेटे घालतात; अशा माणसांकडे पावत्या मागणे ही कृतघ्नपणाची परिसीमा होय, असा हा पक्ष आहे. तो हिरिरीने मांडणारे बहुधा समितीतलेच असतात, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नसावी.

त्यांचे कष्ट मी नाकारीत नाही. परंतु वेतन नाही म्हणून हिशेबही नाही, ही संगती मला उमगत नाही. आमच्याच जिल्ह्यात गावोगावी हरिनाम सप्ताहाची वर्गणी गोळा करणारे कारभारी छदामही घेत नाहीत, तरी तेल, पीठ आणि मंडप यांचा जमाखर्च गावापुढे मांडल्यावाचून त्यांची सुटका होत नाही. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादमसुद्धा (त्याच्या व्यवहाराची नीती हा निराळा विषय) कोणत्या कोयत्याला किती उचल दिली, हे वहीत टिपून ठेवतो. मग वीस-पंचवीस कुटुंबांचा देखभालखर्च शर्टाच्या खिशातील चिठ्ठ्यांवर का चालावा?

दुसरा पक्ष अधिक सोज्ज्वळ, आणि म्हणूनच अधिक घातक. ‘सह्या सेक्रेटरी करतात, मी आपला नुसता सदस्य.’ १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने या सबबीला जागाच ठेवलेली नाही. समितीच्या निर्णयांचे दायित्व तेथे सर्व सदस्यांवर संयुक्तपणे आणि पृथकपणेही टाकलेले आहे; ज्याला एखादा ठराव अमान्य असेल त्याने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, म्हणजे त्या ठरावापुरता तो मोकळा होतो. बैठकीत चहा पिऊन गप्प बसणे आणि जिन्यात उतरताना कुरकुरणे, याला विरोध म्हणत नाहीत. विरोध लिहावा लागतो, आणि शेजाऱ्याच्या देखत लिहावा लागतो. सारी अडचण तेथेच आहे.

माझ्या मते समितीचा सदस्य हा ना मानकरी, ना रहिवाशांचा गडी. तो विश्वस्त आहे. आदर्श उपविधींनी दुरुस्ती निधीसाठी बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि निक्षेप निधीसाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरसाल बाजूला काढावयास सांगितली आहे, ती इमारतीच्या वार्धक्याची तरतूद होय. मे महिन्यात बोअर आटला की याच रकमेकडे सर्वांचे डोळे वळतात. त्या वेळी टँकरसाठी वेगळी वर्गणी काढण्याचा अप्रिय ठराव मांडणे, थकबाकीदार आपला मेहुणा असला तरी त्याला नोटीस धाडणे आणि पाण्याची पाळी स्वतःच्या मजल्यापासून सुरू न करणे, ही कामे विश्वस्ताची. त्यांबद्दल त्याला हार कोणी घालीत नाही.

माझ्या पाहण्यातील एका इमारतीत खजिनदार झालेले निवृत्त शिक्षक प्रत्येक टँकरची पावती जिन्याजवळच्या फलकावर टाचणीने लावीत. ‘गुरुजींचा भित्तिपत्रक-विभाग’ म्हणून लोक हसत. पुढे उन्हाळा कडक पडला आणि टँकर एक दिवसाआड येऊ लागला, तेव्हा घागरी घेऊन खाली उतरलेली माणसे आधी फलकापाशी थांबत आणि मग टाकीकडे वळत.