माजी विद्यार्थी कोणाला म्हणता?



संपादकांनी कविता मागितली होती. कविता वहीत तयार आहे, ती पुढच्या अंकाला. या वेळी हे छापा. डोकं फिरल्याबिगर मी गद्य लिहीत नाही.

गेल्या महिन्यात दुसरी पाळी संपवून रात्री साडेबाराला घरी आलो. मोबाइलवर एक वार्तापत्र येऊन पडलं होतं. ज्या कॉलेजात मी सव्वा वर्ष काढलं, त्या कॉलेजाच्या माजी विद्यार्थी संघाचं. मला कुणी पाठवलं नव्हतं, माझ्या वर्गातल्या एका दोस्तानं पुढं ढकललं होतं. सोळा पानं, सगळी रंगीत. अंगावरचा कापूस झटकला नाही, आईनं झाकून ठेवलेली भाकरी उघडली नाही, आधी सोळा पानं वाचून काढली. खोटं कशाला बोलू, मी माझं नाव शोधत होतो.

नाव नव्हतं. असणार कसं? पहिल्या पानावर एक जण उपजिल्हाधिकारी झाला त्याचा फोटो. मग एक ऑस्ट्रेलियाला गेला, एकीनं पीएच.डी. केली, एकाचा पेट्रोलपंप झाला. मधल्या पानावर 'आपला परिवार': कुणाचं लग्न, कुणाच्या बंगल्याची वास्तुशांत, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, अन् मागच्या मेळाव्याचे फोटो. मंचावर सरस्वतीची तसबीर, समोर समई, हातात शाल-श्रीफळ. विद्यापीठाला नाव सावित्रीबाई फुल्यांचं, २०१४ पासून. अन् मंचावर बसवली सरस्वती! १८४८ साली जोतीराव याच नगरात मिस फरारची मुलींची शाळा बघून गेले अन् मग पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. त्या नगर जिल्ह्यात शिकलेली माणसं विद्येची देवी शोधायला अजून कॅलेंडरात जातात. ते असो. त्या समईवर मी पुन्हा कधीतरी लिहीन. आज माझं भांडण दुसरं आहे.

शेवटच्या पानावर एक चौकट होती. त्यात लिहिलं होतं, की कॉलेजची गळती कमी करण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी सहकार्य करावं.

गळती! नळाला गळती असते, पत्र्याला गळती असते. पोरगं गळतं कसं? त्याला कुणी भोक पाडलं, का ते आपोआप पाझरलं? हा शब्द ज्यानं काढला तो मोठा हुशार माणूस. यात पाडणारा कुणीच नाही. नुसतं गळणं आहे.

माझं गळणं कसं झालं ते सांगतो. शिष्यवृत्तीच्या पोरांकडून आधी फी घेऊ नये असे शासनाचे आदेश आहेत, हे मला आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, "आधी भर, महाडीबीटीचं आलं की परत मिळंल." पहिल्या वर्षी भरली. आईनं गळ्यातलं मोडून भरली. ते पैसे दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र संपत आलं तरी आले नव्हते अन् दुसऱ्या वर्षाची खिडकी उघडली होती. सुपा ते नगर रोजची एस.टी., दुपारचा वडापाव, प्रॅक्टिकलची वही. बाप आजारी. एका सकाळी मी नगरच्या गाडीत बसायच्या ऐवजी एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो. गिरणीत रिंग खात्यात डॉफर लागलो. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. अजून तेच करतो.

दाखला काढायला गेलो तेव्हा 'कॉलेज सोडण्याचे कारण' या रकान्यात भाऊसाहेबांनी लिहिलं: 'विद्यार्थ्याच्या विनंतीवरून.'

मी विनंती केली होती खरी. शिष्यवृत्ती येईपर्यंत थांबा, अशी केली होती. ती कुठं लिहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका खिडकीतल्या एका कारकुनावर काय लेख लिहितोस. कारकुनावर लिहीत नाही. मी त्या यादीवर लिहितोय. माजी विद्यार्थी कोण, हे ठरवणारी यादी. तिच्यात जो पोचला तोच धरतात. जो मधेच पडला तो विद्यार्थी नव्हताच, तो टक्केवारीतला एक आकडा.

हीच फूटपट्टी बाबासाहेबांना लावून बघा. १९१६ साली कोलंबियातून ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली. अभ्यास अर्धा टाकून बोटीत बसावं लागलं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती, ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पुढं बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशाच्या खानावळीतून सामानासकट बाहेर काढलं. त्या वर्षी त्या माणसाला काय म्हणायचं? आपल्या कॉलेजाच्या भाषेत म्हणायचं, गळती. 'विनंतीवरून.'

पण लंडनच्या विद्यापीठानं एक केलं होतं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी दिली होती. नाव खोडलं नव्हतं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या दोस्तानं कर्ज दिलं, अन् १९२० साली हा माणूस पुन्हा लंडनला जाऊन बसला. १९२३ साली डी.एस्सी. झाला. त्याच्या मोठेपणात माझा वाटा सांगायचा नाही, माझी तेवढी लायकी नाही. एवढंच विचारायचंय, की दार किलकिलं ठेवलं म्हणून जे झालं, ते दार आपण आपल्या पोरांसाठी का ठेवत नाही?

आणि तेच बाबासाहेब जेव्हा स्वतः कॉलेज काढायला बसले, तेव्हा आधी बघा कशाचा विचार केला. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं. वर्ग सकाळचे, नोकरी करणाऱ्याला शिकता यावं म्हणून. कामाला जाणारा माणूस शिकणार आहे, हे त्या वेळापत्रकातच लिहिलं होतं. आमचा आजा मुंबईच्या गिरणीत होता. साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून, त्याचा वारसा म्हणून आजाही रिंग खात्यातच. त्यानंही सिद्धार्थमध्ये एक वर्ष सकाळचे वर्ग केले. दुसरी पाळी करून झोपायचा तीन-चार तास, पहाटे उठून बोरीबंदरला. एका वर्षानं सुटलं, कारण गावाकडं भाऊ-बहिणी होत्या. पुढं १९८२ च्या संपानं गिरणीच गेली अन् आजा सुप्याला परत आला. पण मरेपर्यंत तो सांगायचा, "म्या सिद्धार्थचा इद्यार्थी." कुणी हसलं तर त्याला राग यायचा. त्यानं एका वर्षात काय मिळवलं विचाराल, तर आमच्या वाड्यात बुद्धवंदना पुस्तकात बघून म्हणणारा पहिला माणूस तो. मला अक्षर त्यानं लावलं. माजी विद्यार्थी म्हणतात तो हा. तुमच्या सोळा पानांत याला जागा आहे का?

औरंगाबादचं मिलिंद कॉलेज बघा, १९५० सालचं. तिथल्या कॉलेज-जीवनाची बातमी काय होती? प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं अन् ते १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी लाखो लोकांपुढं झालं. नागसेनवनातनं 'अस्मितादर्श' उभं राहिलं, गंगाधर पानतावण्यांनी ते चालवलं, अन् खेड्यापाड्यातल्या पोरांना आपलंही लिहिलेलं छापतात हे कळलं. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, वस्त्या जळाल्या, अन् १४ जानेवारी १९९४ उजाडेपर्यंत सोळा वर्षं जी पोरं रस्त्यावर होती, त्यांच्यातल्या कितींची डिग्री अर्धी राहिली? लाठ्या खाल्ल्या, जेलात गेली, परीक्षा बुडाल्या. विद्यापीठाच्या कमानीवर आज जे नाव आहे ते त्यांनी लिहिलं. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत ते आहेत का नाहीत, कुणी मोजलंय?

माझा तो दोस्त, ज्यानं वार्तापत्र धाडलं, तो बँकेत आहे. चांगला माणूस. त्याच्याशी फोनवर बोललो. म्हणाला, "भावा, तू कडू झालास. अधिकाऱ्याचा फोटो बघून खेड्यातल्या पोराला प्रेरणा मिळते. यात वाईट काय?" वाईट काही नाही. आपला पोरगा उपजिल्हाधिकारी झाला तर मी पेढा खातो, दोन खातो. आणि हेही सांगितलं पाहिजे, की माझी पहिल्या वर्षाची परीक्षा फी एका माजी विद्यार्थ्यानं भरली होती. त्याचं नाव मला आजतागायत कळलं नाही. सरांनी पावती हातात दिली अन् म्हणाले, "विचारू नको." त्या माणसाचा फोटो सोळा पानांत नव्हता. असता तर मी ओळखला नसता, पण असं वाटतं की नव्हता.

मग ही सोळा पानं कशासाठी निघतात? दोस्तानंच सांगितलं. नॅकची समिती येणार आहे. तिच्या कागदात माजी विद्यार्थ्यांचा एक रकाना असतो: संघ नोंदणीकृत आहे का, त्यानं कॉलेजला काय दिलं. म्हणून संघ, म्हणून मेळावा, म्हणून फेटे. कॉलेजला श्रेणी मिळेल, मिळू दे. पण त्या कागदावर 'तुम्ही कुणाला घालवलं' असा रकाना नाही, म्हणून आपणही तो विचारायचा नाही का? आपली आंबेडकरी म्हणवणारी अधिकारी मंडळी त्या मंचावर बसतात, त्यांना तरी विचारता येतं. आग्र्याचं भाषण मी मुद्दाम काढत नाही. १८ मार्च १९५६ ला शिकलेल्यांवर बाबासाहेब जे रागावले, ते आपण इतकं घासलंय, की आता अधिकारी स्वतःच ते आपल्या सत्कारात सांगतात अन् टाळ्या घेतात.

मागायचंय ते सरळ आहे. कॉलेजाकडे जनरल रजिस्टर आहे. गेल्या दहा वर्षांत कोण आलं अन् कोण मधेच गेलं, त्यात आहे. ती नावं काढा. घरी जा, खरं कारण विचारा अन् लिहा. कुणाची शिष्यवृत्ती अडकली, कुणाचा जातपडताळणीचा कागद अडला, कुणाचं अडीच लाखाच्या आत उत्पन्न असून तहसीलचा दाखला वेळेत मिळाला नाही. जे परत येऊ शकतात त्यांची फी माजी विद्यार्थी संघानं भरावी. फेट्यांचा खर्च तिकडं वळवला तरी चार-दोन पोरं बसतील. अन् वार्तापत्र काढायचंच तर त्यात यांचीही खबर द्या. कोण गिरणीत आहे, कोण ट्रकवर, कोण उसाच्या फडात, कोण लग्न होऊन गेली. ही पण कॉलेजची बातमी आहे.

मेळावा येत्या रविवारी अकराला. मला रविवारी सुट्टी नसते, पण एकाशी पाळी बदलून घेतलीय. दोनशे पानी वही घेतली आहे. फाटकाबाहेर बसणार. घोषणा नाही, बोर्ड नाही, फक्त वही. नाव, गाव, कोणत्या वर्षी आलो, कोणत्या वर्षी सोडलं, का सोडलं. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी साडेआठला सुप्याच्या स्टँडवर भेटा. पारनेरकडच्या पोरांनी परभारे नगरला या.

आत्तापर्यंत एकोणीस नावं झालीत. त्यातली सात मुलींची. त्यांच्यातल्या चौघींच्या दाखल्यावर पण 'विनंतीवरून'च आहे. खरं कारण त्यांच्याच हातानं लिहून घेतोय. दोघींनी लिहिलं. तिसरी म्हणाली, सासरी कुणी वाचायचं नसंल तर लिहिते.