कुलूपबंद घराचा मालक कसा शोधावा?

पेठेत एखादं घर वर्षानुवर्षं कुलूपबंद असतं. कौलं घसरलेली, अंगणात गवत माजलेलं. चार पैसे गाठीला जमले, मुलांसाठी जागा करावी असं मनात आलं, की नजर अशा घराकडे जातेच. पण विचारायचं कुणाला? दलाल गाठण्याआधी बरीचशी चौकशी आपली आपल्याला करता येते.

आधी शेजार गाठावा. समोरच्या आजी, कोपऱ्यावरचा वाणी, पोस्टमन यांना मालकाचं आडनाव आणि मुलं कुठे असतात हे बहुधा ठाऊक असतं. मग नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यात घर क्रमांक सांगून नाव विचारावं. मात्र घरपट्टीवर नाव म्हणजे मालकी नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

नगर भूमापन झालेल्या शहरात सिटी सर्व्हे नंबरावरून प्रॉपर्टी कार्ड मिळतं; शहराच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटला बहुधा सातबारा असतो. दोन्ही आता ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. जुन्या खरेदीखतांची माहिती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची क्रमांक २ मध्ये मिळते. निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा.

खरी मेख पुढेच आहे. कार्डावरचे आजोबा केव्हाच वारलेले असतात आणि घर दाखवायला एकटा मुलगा पुढे येतो. “बहिणींची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध?” असं तो म्हणाला तर लगेच इसार देऊ नये. संबंध आहे! हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत १९५६ च्या कायद्यानेच मुलीला मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित घरात २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलासारखा जन्मतः हक्क मिळाला. त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं. तेव्हा आई, भाऊ, बहिणी, सगळ्या वारसांच्या सह्या खरेदीखतावर हव्यात, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र तरी हवं.

पत्ते मिळाले की प्रत्येक वारसाला वेगळं पत्र लिहावं. आपण कोण, कुठलं घर आणि विकण्याचा विचार आहे का, एवढंच. पहिल्याच पत्रात भाव लिहू नये. स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. महिनाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी. नकार आला तर तो मानावा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर थोडं थांबावं. होकार मिळाल्यावर वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतींची मुदत संपल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये.

आणि हो, हेच कागद माहेरच्या बंद घराचेही एकदा काढून पाहावेत. भावाशी गोडी राखून हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडावा. पण काय सोडतो आहोत, ते वाचूनच सही करावी.