मंडप कोणासाठीं ?

गेल्या ऑक्टोबर महिन्यांत शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धा झाल्या. त्या पाहावयास आम्ही मुद्दाम गेलों होतों. कारण एका संघाची कॅचर ही पांच वर्षें आमच्या वर्गांत बसलेली मुलगी होती.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणें पहिला सामना सकाळीं ७.३० वाजतां व्हावयाचा होता. त्या वेळीं दोन्ही संघ हजर होते, अंपायर हजर होते, चुन्याच्या रेषाही आंखून झाल्या होत्या. हजर नव्हते ते उद्घाटक. ते १० वाजून गेल्यावर आले. मग संचलन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि चार भाषणें. आपण फार वेळ घेणार नाहीं, असें प्रत्येक वक्त्यानें आरंभींच सांगितलें. मुली तोंवर रांगेंत उभ्या. पहिला चेंडू पडला तेव्हां ११.२० झाले होते. पाऊस नुकताच संपलेला, जमीन ओली आणि वारा पडलेला. असें ऊन कधीं कधीं वैशाखापेक्षांही वाईट. कारण हवा दमट असली म्हणजे घाम अंगावर वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं तर शरीर निवत नाहीं.

आम्ही मात्र मंडपांत होतों. शिक्षक म्हणून आम्हांस खुर्ची मिळाली, पंख्याचा वारा मिळाला, दोनदां लिंबाचें सरबत मिळालें. समोर खेळाडूंच्या बांकावर कापडाचा तुकडाही नव्हता. हें आमच्या लक्षांत आलें नाहीं असें नव्हे. लक्षांत आलें, आणि आम्ही सरबत प्यालों.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालीं शिकागो येथें, नोव्हेंबरच्या थंडींत, एका क्लबाच्या बंद दालनांत झाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा हाच चेंडू आणि झाडूचा दांडा हीच बॅट. पुढें १९२६ सालीं डेन्व्हर येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे वॉल्टर हॅकन्सन यांनीं त्यास आजचें नांव सुचविलें. हिंवाळ्यांत घराबाहेर पडतां येईना म्हणून आंत खेळावयाचा हा खेळ आमच्याकडे भर उन्हांत खेळला जातो, ही मौजच म्हणावयाची. सामना सात डावांचा. मुलींच्या सामन्यांत पिचर १२ इंच घेराचा चेंडू ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून फेंकते. परंतु आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या खेळास घड्याळ नाहीं. समोरच्या संघाचे तीन गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघास मैदान सोडतां येत नाहीं. म्हणजे जो संघ दुबळा, तोच उन्हांत अधिक वेळ उभा राहतो. त्यांतही कॅचरचे हाल विशेष : तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर जाड कवच, पायांवर पॅड, आणि प्रत्येक चेंडूस उकिडवें बसणें.

आमची विद्यार्थिनी दुबळ्या संघांत होती. तिसऱ्या डावांत प्रतिपक्षानें नऊ धावा काढल्या आणि तेवढ्यांत अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला. चौथ्या डावांत तिच्या हातून सोपे चेंडू सुटूं लागले तेव्हां मंडपांत हंशा पिकला. मग तिनें चेंडू पिचरकडे न फेंकतां भलतीकडेच फेंकला. अंपायरनें कांहीं विचारलें, त्यास दिलेलें उत्तर कोणासच समजलें नाहीं. ती खालीं बसली ती उठेना. धांवला तो कोणी पाहुणा नव्हे, आम्हीही नव्हे. मैदानावर पाणी मारणारा गडी होता. त्यानें मुखवटा आणि कवच सोडविलें, तिला टांकीच्या सावलींत निजविलें, नळीचें पाणी अंगावर सोडलें आणि पंचानें वारा घातला. तेंच बरोबर होतें, असें मागाहून डॉक्टर म्हणाले. ऊन लागून माणूस असंबद्ध बोलूं लागला म्हणजे आधीं त्याचें अंग थंड करावयाचें आणि मग दवाखान्यांत न्यावयाचें. (पूर्ण शुद्धीवर नसलेल्यास पाणी पाजूं नये, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें.) दुसऱ्या दिवशीं मुलगी सुखरूप घरीं गेली.

शेजारच्या खुर्चीवरील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमच्या वेळीं असले लाड नव्हते. शेतांतल्या पोरी दिवसभर उन्हांतच असतात ना ?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, तें आतां देतों. शेतकरी पहाटेस औत जुंपतो आणि ऊन चढलें म्हणजे सोडतो. बैलसुद्धां झाडाखालीं बांधतो. ज्याचा उन्हाशीं नित्य संबंध, तोच वेळ सांभाळतो. शिवाय शरीरास उन्हाची संवय होण्यास १० ते १४ दिवस लागतात; आदल्या आठवड्यापर्यंत परीक्षेसाठीं घरांत बसलेल्या मुलींस ती कोठून असणार ?

वेळापत्रक ठरलें म्हणजे ठरलें, असेंही म्हणतात. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत खेळाडूंनीं उन्हाबद्दल तक्रार केली, तेव्हां २९ जुलैपासून टेनिसचे सामने सकाळीं ११ ऐवजीं दुपारीं ३ वाजतां सुरू होऊं लागले. स्त्रियांच्या फुटबॉलचा अंतिम सामना तर सकाळीं ११ वरून रात्रीं ९ वर गेला आणि त्यासाठीं मैदानही बदललें. साऱ्या जगाचें वेळापत्रक इतकें हलतें. आमचें मात्र पाहुण्यांसाठीं चार तास हलतें, मुलींसाठीं चार मिनिटेंही नाहीं! आणि हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें उघड्या मैदानावर पुरस्कार समारंभ झाला. तेथें ऊन लागून १४ माणसें प्राणांस मुकलीं. तीं तर नुसतीं बसून होतीं. छप्पर व्यासपीठावर होतें.

त्या मुलीच्या घरीं आम्ही पुढच्या रविवारीं गेलों. वडील म्हणाले, "सर, आतां पुरे. पोरीचा खेळ बंद केला." ती आंतल्या दारांत उभी होती, कांहीं बोलली नाहीं. अपराध वेळेचा, आणि शिक्षा झाली ती खेळास. त्या गृहस्थांस आम्ही काय समजाविणार ? चूक आमच्या डोळ्यांदेखत घडली, आणि त्या वेळीं आम्ही खुर्चींत होतों.

यंदाच्या आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवाविषयीं आम्ही शिक्षकसभेंत दोन सूचना मांडल्या आहेत. सर्व मैदानी सामने सकाळीं ७ ते १० या वेळांत व्हावे आणि भाषणें व बक्षीससमारंभ सायंकाळीं ठेवावा, ही पहिली; ती मान्य झाली. मंडप खेळाडूंच्या बाजूस घालावा, ही दुसरी. ती विचाराधीन आहे. मग पाहुणे कोठें बसतील, असा प्रश्न निघाला. मैदानाच्या पूर्वेस कडुनिंबाचीं तीन झाडें आहेत, असें आम्ही कळविलें आहे.