आपण मूळचे कुठले?

भाऊबीजेला डोंगरकड्याला जायचे, हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा नेम. अक्काला तिथे दिली आहे. नांदेडला हिंगोलीची एस. टी. धरायची, अर्धापूर मागे टाकायचे, केळीच्या बागा बघत बघत उतरायचे आणि ओवाळून घेऊन दोन दिवस चकल्या मोडत बसायचे. यंदा मात्र डोंगरकडा यायच्या आतच माझी चांगली ओवाळणी झाली!

शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ होते. पांढरा सदरा, गळ्यात लहानसा क्रूस, मांडीवर कापडी पिशवी. शेजाऱ्याची कुंडली काढल्याखेरीज आपल्याला प्रवास पचत नाही. मी हिंदीत सुरुवात केली, "फादर, आप केरल के या गोवा के?"

"मी वैजापूरकडचा. घोगरगावच्या बाजूचा," ते म्हणाले. "आन् मराठीत बोला की. माझी हिंदी बेताचीच आहे."

"हो, पण मूळचे?"

"मूळचंच सांगितलं, साहेब."

मी ओशाळलो. त्यांनी मात्र राग धरला नाही. हिंगोलीला कुणा आजाऱ्याला भेटायला ते निघाले होते. वाट पुढे सरकत होती आणि ते सांगत होते.

आल्प्सच्या कुशीत अ‍ॅनसी नावाचे तळ्याकाठचे गाव आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने तिथे एक धर्मसंघ निघाला. (हे संत पत्रके लिहून लोकांच्या दारात टाकीत. १९२३ साली पोपसाहेबांनी त्यांना पत्रकारांचा आश्रयदाता ठरवले. म्हणजे माझेही ते थोडेफार नातेवाईकच!) या संघाचे मूठभर लोक १८४५ साली हिंदुस्थानाकडे निघाले. तेव्हा त्यांचा सॅव्हॉय प्रांत फ्रान्सात नव्हता, सार्डिनियाच्या राजाकडे होता. नागपुरात अजून भोसल्यांची गादी होती. विशाखापट्टणम हे त्यांचे ठाणे झाले आणि तिथून ते कामठीच्या छावणीत पोहोचले. काम काय, तर पलटणीतल्या आयरिश आणि मद्रासी कॅथलिक शिपायांना प्रार्थना सांगायची. पुढे १८७० साली नागपुरात शाळा निघाली आणि १८८७ साली नागपूरचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. रिकाझ हे पहिले बिशप.

"छावणी उठली की शिपाई जातो," फादर म्हणाले. "शिपायांवरच राहिले असते तर आज नुसती थडगी उरली असती. ते खेड्यात आले म्हणून आम्ही आहोत."

नागपूरची ही माणसे १८९२ च्या सुमारास निजामाच्या मुलखात घोगरगावला आली. गुरियन जाकिए नावाचे फ्रेंच धर्मगुरू त्या भागात राहिले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ते जाऊन बसत. पुढे छप्पन्नचा दुष्काळ पडला.

इथे माझ्या जिभेला पुन्हा खाज सुटली. "पण फादर, लोक धान्यासाठीच आले, असे म्हणतात."

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "काही आले असतील. भुकेला माणूस एखाद्या दाराशी का गेला, हे बाकीच्या दारांनाही विचारावं. आमच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं. त्या गोऱ्या माणसानं त्यांच्या हातचं पाणी पिलं. पणजोबा मरेपर्यंत तेवढंच सांगत."

माझ्याकडे यावर बोलण्यासारखे काही नव्हते. माझे पणजोबा विहिरीच्या आतल्या बाजूचे होते.

"आमच्यातही सगळं सोनं नाही," तेच पुढे म्हणाले. "१८८७ पासून १९५१ पर्यंत, म्हणजे ६४ वर्षं, नागपूरच्या गादीवर गोरेच बिशप होते. युजीन डिसूझा आले तेव्हा तिथं पहिला भारतीय बसला. १९५३ साली तेच आर्चबिशप झाले. आणखी एक सांगतो. चर्चमध्ये आम्ही एका बाकावर बसतो, पण सोयरीक जुळवताना जात अजून हळूच विचारली जाते. ते काही फ्रान्सहून आलेलं नाही."

नागपुरातून १९५५ साली अमरावती वेगळी झाली आणि अमरावतीतून १९७७ साली औरंगाबाद. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण धर्मप्रांताला औरंगाबादच म्हणतात. अक्काचे डोंगरकडा त्याच धर्मप्रांताच्या नकाशात बसते, हे मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे मी त्या नकाशातून पिशवी घेऊन जात होतो!

डोंगरकडा आले. फादरांनी माझी पिशवी खाली दिली आणि म्हणाले, "ताईंना आमचाही नमस्कार सांगा."

संध्याकाळी ओवाळून झाल्यावर अक्काला मी सगळी हकिकत सांगितली. ती निरांजन हातात धरून तशीच उभी राहिली.

"मग त्यांना फराळाला का नाही उतरवून घेतलंस? परतताना तरी आले असते. नाव काय त्यांचं?"

वाचकहो, मी त्या माणसाला गाव दोनदा विचारले होते. नाव एकदाही विचारले नव्हते.