‘प्रांजळपणा’ ही वाङ्मयीन संज्ञा आहे काय?

आत्मचरित्रावरील कोणतीही उत्तरपत्रिका उघडावी, पहिल्या परिच्छेदातच ‘प्रांजळपणा’ हा शब्द भेटतो. लेखकाने काहीही हातचे राखलेले नाही, घडले तसे सांगितले आहे, म्हणून कृती श्रेष्ठ, असा युक्तिवाद त्यामागोमाग येतो. यात विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मार्गदर्शिका, प्रस्तावना आणि रविवारची परीक्षणे यांनी हा शब्द इतका घोटवून घेतला आहे की कथानक, निवेदन, प्रतिमा यांच्या पंगतीला बसणारी ती एक संज्ञाच आहे, असे कोणालाही वाटावे. ती तशी नाही, आणि आत्मपर लेखनाच्या अभ्यासातून तिला निरोप द्यावा, असे आमचे मत आहे.

‘प्रांजल’ म्हणजे सरळ. हा माणसाच्या स्वभावाचा गुण आहे. लेखक प्रांजळ आहे की नाही हे ठरवायचे, तर त्याचे आयुष्य आपल्याला पुस्तकाबाहेरून ठाऊक हवे, आणि वर्गात आपल्यासमोर असते ते केवळ पुस्तक. मग प्रांजळपणाचा पुरावा म्हणून काय दाखवले जाते? तर लेखकाने सांगितलेले लाजिरवाणे प्रसंग. म्हणजे जितकी लाज अधिक, तितके वाङ्मयीन मूल्य अधिक! शिवाय हा निकष सर्वांना सारखा लावला जात नाही. प्रतिष्ठित लेखकाच्या आत्मचरित्रात रचना आणि शैली शोधली जाते. दलित लेखकांच्या आणि स्त्रियांच्या लेखनावर मात्र प्रांजळपणाची मोहोर उमटवून समीक्षक मोकळे होतात. या माणसांनी सोसले आणि सांगितले; सांगताना काही निवड केली असेल, काही घडवले असेल, याचा विचारच करावा लागत नाही. स्तुतीच्या रूपाने केलेला हा अव्हेर आहे.

दया पवारांचे ‘बलुतं’ (1978) घ्या. आरंभीच तेथे दोन माणसे भेटतात. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलेला, लेखक झालेला दया पवार ती ऐकतो. दोघे एकच. घडले तसे सरळ सांगायचे असते, तर या विभागणीची गरज काय होती? जन्माने मिळालेले नाव आणि लेखक म्हणून धारण केलेले नाव यांच्यामध्ये जे अंतर पडले, ते या पुस्तकाच्या आशयाचा गाभा आहे आणि ते रचनेतूनच व्यक्त झाले आहे. विश्राम बेडेकरांनी ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या शीर्षकासाठी उपनिषदातील पक्ष्यांची जोडी योजली, तेव्हा भोगणारा आणि पाहणारा यांच्या द्वैताविषयी समीक्षकांना बोलता येते. ‘बलुतं’मधील द्वैत मात्र नजरेआड होते आणि उरते ती केवळ ‘दाहक वास्तवाची प्रांजळ कबुली’.

कथनमीमांसेतील एक साधा भेद येथे फार उपयोगी पडतो. आत्मपर लेखनात ‘मी’ दोन असतात, एक अनुभवणारा आणि दुसरा सांगणारा. दोघांमधील अंतर हे लेखकाच्या हातातले साधन असते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो 1895 साली. मध्ये जवळजवळ चार दशके गेली होती आणि टिळकही 1919 साली निवर्तले होते. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे प्रसंग ज्या मुलीवर गुदरले, तिला ते विनोदी वाटले असतील असे नाही. विनोद सांगणाऱ्या लक्ष्मीबाईंचा आहे. धाकटी भेदरते त्या ठिकाणी थोरली हसते, आणि वाचकाला एकाच वेळी दोघी ऐकू येतात. ‘लक्ष्मीबाईंची शैली साधी, घरगुती व प्रांजळ’ असे लिहिणाऱ्याला या दोघींपैकी एकच ऐकू आलेली असते. वर्गात एखादे पान घेऊन प्रत्येक वाक्य कोणत्या लक्ष्मीबाईंचे, एवढेच विचारावे. तास पुरत नाही.

आता एक आक्षेप. सत्याची अपेक्षाच काढून टाकली, तर आत्मचरित्र आणि कादंबरी यांत फरक तो काय राहिला? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर ‘प्रांजळपणा’त नाही. फिलीप लजन या फ्रेंच अभ्यासकाने 1975 साली ‘आत्मचरित्रात्मक करार’ ही संकल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र यांचे नाव एकच आहे, अशी हमी पुस्तक वाचकाला देते आणि वाचक त्या हमीवर वाचतो. ही हमी मुखपृष्ठावर, शीर्षकात, प्रस्तावनेत शोधता येते, दाखवता येते. आनंद यादवांची ‘झोंबी’ (1987) आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून आली, हा अशा करारातला किती मोठा फेरबदल आहे! (‘आत्मचरित्र’ आणि ‘आत्मकथन’ यांतील फरक चार गुणांसाठी पाठ करण्यापेक्षा हा प्रश्न विद्यार्थ्यांना अधिक विचार करायला लावतो.)

प्रांजळपणाचा निकष सर्वांत लंगडा पडतो तो मौनापाशी. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपात आले. माया पंडित यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2008 साली प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी पतीकडून झालेल्या मारहाणीविषयी सांगितले आणि आपण हे लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, हेही सांगितले. मूळ पुस्तकात स्वतःच्या संसाराविषयी त्या जवळजवळ गप्पच आहेत. मग त्यांना प्रांजळ म्हणायचे की नाही? प्रश्नच चुकीचा आहे. महार स्त्रियांचे हाल, सासुरवास, नवऱ्यांची मारझोड हे सारे पुस्तकात आहेच. पण ते ‘आम्ही’चे म्हणून आहे. शीर्षकातला शब्द ‘आमुचं’ आहे. ज्या कहाणीची नायिका वस्ती आहे, तिच्यात एका ‘मी’चे दुःख कोठे आणि किती येऊ द्यावे, हा निवडीचा प्रश्न आहे. बेबीताईंनी ती निवड केली. तिच्यामागे धाक होता, समाजाविषयीची जबाबदारी होती, की दोन्ही, यावर विद्यार्थ्यांनी वाद घालावा. त्यासाठी ‘सामूहिक निवेदक’ आणि ‘मौन’ या दोन संज्ञा हाताशी असाव्या लागतात. त्या अभ्यासक्रमाच्या टिपणांत क्वचितच आढळतात.

सर्वनामांकडे एवढ्या बारकाईने पाहिले, की जुनी पुस्तकेही वेगळी दिसू लागतात. रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910). हे ‘आमच्या’ बेबीताईंच्या ‘आमुचं’हून अगदी निराळे; त्यात दोघेच मावतात. पतीचे नाव घ्यायचे नाही या रीतीमुळे रमाबाई न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. स्त्रीने लिहिलेल्या आत्मपर पुस्तकात ‘स्वतः’ हा शब्द दुसऱ्याच व्यक्तीकडे गेला आहे! कॅथरीन गेट्स यांनी 1938 साली इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्यांनी पुस्तकाला नावच ‘हिमसेल्फ’ असे दिले. आता या पुस्तकाला आत्मचरित्र म्हणावे की पतीचे चरित्र, आणि त्यातील ‘आत्म’ नेमके कोणाचे?