आडवाटेचा पराक्रम

हिंवाळा लागला, कीं पुण्या-मुंबईकडील मोटारसायकलस्वारांच्या टोळ्या सह्याद्रीच्या पठारांकडे वळूं लागतात. ही हौस वाईट आहे, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पौषांतल्या कडाक्याच्या थंडींत, हातमोज्यांतहि बोटें बधिर होत असतांना, चार स्नेह्यांसह गाडीवाटेनें चढ चढावा, दहिवरानें निसरडा झालेला जांभा जपून ओलांडावा आणि खालच्या वाडींत चुलीपाशीं बसून चहा घ्यावा, यांतलें सुख पन्नाशी उलटल्यावरहि आम्हीं चाखलें आहे. आमचा वाद आहे तो, वाट सोडून उघड्या पठारावर गाडी घालणें हाच खरा पराक्रम, असें मानणाऱ्या नव्या पंथाशीं.

या पंथाचे कैवारी तीन कारणें पुढें करतात. पहिलें असें, कीं हिंवाळ्यांत पठार ओसाडच असतें. तेथें चाक फिरलें म्हणून कोणाचें काय बिघडतें? आम्ही उलट विचारतों, कीं भाद्रपदांत कासच्या पठारावर जीं फुलें पाहावयास हेच लोक गर्दी करतात, तीं पौषांत कोठें असतात? तीं बीजरूपानें व कंदरूपानें जांभ्यावरील त्या पातळ मातींतच निजलेलीं असतात. युनेस्कोनें २०१२ सालीं पश्चिम घाटाचीं जीं स्थळें जागतिक वारशाच्या यादींत घातलीं, त्यांत कास आहे. परंतु यादींत नांव आल्यानें माती टिकत नाहीं. चाकानें पाडलेल्या चाकोरीचा पहिल्याच पावसांत ओहोळ होतो, आणि फार सावकाश सांचलेली ती माती त्या वाटेनें दरींत जाते.

दुसरें कारण असें, कीं गुरेंहि तेथें चरतातच. चरतात खरीं, परंतु खूर जमीन दाबतो, आणि इंजिनाच्या जोरानें जागच्या जागीं फिरणारें चाक ती खरवडून मागें फेकतें. शिवाय तें वाळलेलें गवत गांवकऱ्यांच्या गुरांची उन्हाळ्याची बेगमी असते. तापलेल्या धुराड्याची आंच त्याला लागून वणवा पेटला, तर स्वार सायंकाळीं घरीं परततील. गोठ्यांतली गाय काय खाईल?

तिसरें कारण तारुण्याच्या साहसाचें. साहस हवेंच, पण साहस म्हणजे बेबंदपणा, हें कोणी ठरविलें? स्कॉटलंडांत १९०९ सालीं सुरू झालेली मोटारसायकलींची सहा दिवसांची कसोटी प्रसिद्ध आहे. तेथें धोंड्यांतून व चिखलांतून आखून दिलेल्या पट्ट्यांत वेग पाहत नाहींत, तोल पाहतात. पाय टेकला कीं दंड, आणि हद्दीबाहेर गाडी गेली तर त्याहून मोठा दंड! कसब सिद्ध होतें तें हद्दींत राहूनच.

सरसकट बंदी घाला, असें म्हणणाऱ्यांचा पक्षहि आम्हांस मान्य नाहीं. अभयारण्यांत परवानगीवांचून शिरण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहेच, व ती काटेकोरपणें पाळली गेली पाहिजे. पण गांवोगांव जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटाहि बंद केल्या, तर जपून जाणारा तेवढा घरीं बसेल, आणि बेफिकीर स्वार रात्रीं जाईल.

तेव्हां आमचें मागणें सोपें आहे. चाकोरी सोडूं नये. धुराड्याचा आवाज वाढविण्याचे चाळे करूं नयेत. ज्या गांवच्या शिवारांतून जावयाचें, त्या गांवाला आधीं विचारावें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं आपल्या मुलांस अशा गाड्या हौसेनें घेऊन दिल्या असतील. गाडीची किल्ली हातीं देतांना या तीन गोष्टींचें वचन घेणें, हें पोलिसांचें नव्हे, आईबापांचें काम आहे.